अकरा तासांची डिस्क

चिमी हे तिचं घरातलं नाव. वय सत्तेचाळीस, केस अर्धे पांढरे, गुडघे कुरकुरणारे. तरी बाबांनी पाळण्यात ठेवलेलं हे नाव काही तिला सोडत नव्हतं. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कार्यशाळेत मात्र मालकीणबाई तिला "अहो, खालचे दात" अशी हाक मारत. खालची कवळी तिच्यासारखी कोणाला साधत नसे, म्हणून.

त्याच मालकीणबाईंनी एका शुक्रवारी फोन केला. "हे घरी नेऊन काम करणं आता पुरे झालं हो. पंधरा दिवस देते. त्यानंतरच्या सोमवारपासून पूर्ण दिवस या, साडेआठ ते साडेपाच. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका." वाईट वाटून घेऊ नका म्हणणारा माणूस वाईट करायचं आधीच ठरवून बसलेला असतो. चिमी फोनवर "बरं" म्हणाली आणि मेणात बसवायच्या दातांकडे बघत राहिली.

अडचण बाबांची होती. बाबांनी एकतीस वर्षं नगरपालिकेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. आता एक्क्याऐंशी वर्षांचे झाले होते आणि डोक्यातली पाटी रोज थोडी थोडी पुसली जात होती. आई गेली हे विसरले, मुलाचा चेहरा विसरले, जेवलो की नाही हे तर दहा मिनिटांत विसरत. एक गोष्ट तेवढी पक्की राहिली होती: सरावाला उशीर होतोय. घरात शांतता झाली रे झाली की त्यांना हे आठवायचं, आणि ते उठून दाराबाहेर पडायचे. गेल्या वेळी चार चौक ओलांडून भर रहदारीत सापडले होते, पायात एकच चप्पल. एका ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून सापडले. बाहेरून कडी लावून पाहिली, तर त्यांनी खिडकीतून पाय बाहेर टाकला. तिसऱ्या मजल्यावरून.

त्यांना धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गाणं. वाजवताना मध्येच उठायचं नाही, हा बँडचा नियम त्यांनी जन्मभर पाळला आणि घरातल्यांकडूनही पाळून घेतला. घरात गाणं चालू असलं की दारावर कोणी आलं तरी उठायचं नाही, नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. दादाने लहानपणी एकदा गाणं चालू असताना चड्डी ओली केली होती, पण तो जागचा उठला नव्हता. बाबा ही गोष्ट पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगत. आता सगळं विसरले तरी हा नियम हाडांत उरला होता. गाणं लागलं की बाबा हातवाल्या खुर्चीत ताठ बसत, हात गुडघ्यांवर ठेवत आणि बोटं आपोआप क्लॅरिनेटची भोकं दाबू लागत.

मोबाइलवरचं गाणं त्यांना चालत नसे. आवाज कुठून येतो ते दिसलं नाही की ते घाबरत, उशीखाली बघत. त्यांचा विश्वास होता तो कपाटावरच्या जुन्या प्लेअरवर. खण बाहेर यावा, डिस्क ठेवावी, खण आत जावा. त्यामुळे चिमी गाणी डिस्कवर भरायला शिकली. दादाने दोन वर्षांपूर्वी घरातल्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या होत्या. ती आपली गाणी निवडून डिस्क भरायची. पहिल्या डिस्कमध्ये दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंदांची फट राहिली होती, आणि त्या दोन सेकंदांत बाबा दारापाशी पोचले होते! तेव्हापासून ती फट ठेवत नसे. एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर चढवायची, म्हणजे मध्ये श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. अशी डिस्क ऐंशी मिनिटं चालायची. ऐंशी मिनिटांत बाजार, औषधं, तयार कवळ्या पोचवणं सगळं उरकून ती धापा टाकत परत यायची.

पण नोकरी ऐंशी मिनिटांची नव्हती. वृद्धांच्या संस्थेत नाव घातलं होतं, तिथे आठ महिन्यांची रांग होती. तिने दादाला फोन केला. दादा दूरच्या शहरात, म्हणजे सल्ल्याला जवळ आणि मदतीला लांब.

"अगं, त्यात काय एवढं?" दादा म्हणाला. "एमपीथ्री करून भर. त्याच डिस्कवर अकरा तास मावतात. तुझा प्लेअर वाचेल."

"आणि एक गाणं संपून दुसरं शोधेपर्यंत तो थांबतो, त्याचं काय?"

"सगळी गाणी जोडून एकच फाईल कर ना. त्याच्या दृष्टीने ते एकच गाणं. सुंठीवाचून खोकला गेला."

सांगणाऱ्याचं काय जातं? पण सल्ला खोटा नव्हता. चिमी आठवडाभर संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे बसली. दोनशे गाणी एकापुढे एक लावली, प्रत्येक सांधा कानाने तपासला. कवळीतल्या दोन दातांमध्ये जशी फट चालत नाही तशी इथेही तिला चालत नव्हती. हाताला वळणच तसं होतं.

आधी तीन तासांची डिस्क करून पाहिली. चिमी आतल्या खोलीत दार किलकिलं करून बसली. बाबा तीन तास हलले नाहीत. शेजारच्या स्टुलावर पाण्याचा ग्लास होता, लोणी लावलेले पावाचे दोन तुकडे होते. त्यांनी तिकडे पाहिलं, एकदा नव्हे, चार-पाच वेळा पाहिलं. हात मात्र गुडघ्यांवरच राहिले. गाणं संपताच ते उठले, पण दाराकडे न जाता भिंत धरत धरत संडासात गेले आणि पोचता पोचता राहिले. चिमीने फरशी पुसली. "बाबा, तुम्ही पण ना," असं म्हणून ती हसलीसुद्धा.

इथे तिला कळायला हवं होतं. कळलंही होतं, उगाच तिची बाजू कशाला घ्या? नाहीतर दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या गादीखाली तिने प्लास्टिक कशाला अंथरलं असतं? पण नोकरी गेली तर दोघांनी खायचं काय आणि बाबा बाहेर पडले तर पुढचा ट्रक थांबेल का, हे दोन प्रश्न इतके मोठे होते की तिसऱ्याकडे तिने कानाडोळा केला. सहा तासांची डिस्क झाली. तेव्हाही बाबा बसून राहिले. संध्याकाळी त्यांचे पाय थोडे सुजले होते. वयोमानाने सुजतात, ती स्वतःला म्हणाली.

तरी मनाची रुखरुख म्हणून तिने शेजारच्या काकूंना किल्ली दिली. "काकू, सोमवारी एक वाजता जरा आत जाऊन बाबांना सूप द्याल? गरम करून ठेवते, डब्यात आहे. आणि गाणं थोडा वेळ बंद करा, म्हणजे ते खातील. दार मात्र आतून लावून घ्या हं."

"अगं, त्यात काय सांगायचं? जा तू निवांत," काकू म्हणाल्या.

सोमवारी सकाळी साडेसातला तिने बाबांना भरपेट खाऊ घातलं, सगळं उरकून दिलं आणि खुर्चीत बसवलं. डिस्क ठेवली. खण आत गेला. बाबांनी पाठ ताठ केली. दारातून निघताना तिला वाटलं, आपण त्यांना बांधून चाललोय. दोरी दिसत नव्हती एवढंच. तिने तो विचार झटकला आणि जिना उतरली.

कार्यशाळेत कामाचा डोंगर होता. चिमीने मेण तापवलं, दात बसवले, आदल्या आठवड्याच्या कवळ्या चाकावर धरून चकचकीत केल्या. टेबलावर बिनओठांचं हसू रांगेने मांडलेलं. मालकीणबाई मागून डोकावून म्हणाल्या, "बघा, इथे बसलं की काम कसं होतं!" तिला बरं वाटलं. खूप दिवसांनी कोणी चांगलं म्हणालं होतं.

सव्वाला तिने काकूंना फोन लावला.

"गेले होते गं," काकू म्हणाल्या. "किती शांत बसलेत! लहान मूलसुद्धा इतकं शहाण्यासारखं बसत नाही."

"सूप खाल्लं?"

"अगं, मी दार उघडलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. गाणं चालू होतं ना. मी बंद करायला हात पुढे केला तर असे डोळे वटारले, की बाई, माझी काही हिंमत झाली नाही. सूप ठेवलंय स्टुलावर. खातील भूक लागल्यावर."

चिमीने घड्याळ पाहिलं. बस पकडली तर चाळीस मिनिटं जायला, चाळीस यायला. पहिला दिवस. समोर एका म्हातारीची खालची कवळी, आज संध्याकाळी द्यायची, बाई आठवडाभर पेजेवर आहे म्हणे. "काकू, पुन्हा एकदा जाता का?" तिने विचारलं. काकू लेकीकडे निघाल्या होत्या. मग तिने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. गाणं चालू असताना फोन कोण उचलणार?

ती उठली नाही. हे पुढे तिला कोणी विचारलं नाही, पण तिने स्वतःला रोज विचारलं. पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेली होती. मालकीणबाईंनी नुसतं वर पाहिलं, आणि ती परत येऊन स्टुलावर बसली. चार तासांचा तर प्रश्न, ती मनात म्हणाली. सकाळपासून बसलेत, अजून चार तास.

त्या चार तासांत तिने म्हातारीची कवळी तीनदा घासली. दुसऱ्यांदा घासताना बोट चाकाला लागलं. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडला होता, आणि तिच्या ध्यानात आलं की घरी खिडकीतून दुपारचं ऊन नेमकं त्या खुर्चीवर येतं. पडदा ओढायचा राहिला होता.

साडेपाचला ती धावत सुटली. बस चौकाचौकात थांबत होती. जिन्याखाली आली तेव्हा वरून गाणं ऐकू आलं आणि तिच्या जिवात जीव आला. बाबा घरातच होते, बाहेर पडले नव्हते. डिस्कने आपलं काम चोख केलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर वास आला, आणि तिने किल्लीसाठी पिशवीत हात घातला.

बाबा सकाळी बसवले तसेच बसले होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. उन्हाने अर्धा चेहरा लाल झाला होता. ओठांवर पांढरी सालं आली होती. पाय इतके सुजले होते की सपातांच्या कडा मांसात रुतल्या होत्या. खुर्चीखाली ओल पसरून स्टुलापर्यंत गेली होती. स्टुलावर सूप, त्यावर जाड साय. ग्लास काठोकाठ भरलेला. डोळे मात्र जागे होते. ते तिच्याकडे वळले आणि त्यांत राग नव्हता. फक्त विचारणा होती, लवकर संपेल का एवढीच.

चिमीने धावत जाऊन प्लेअर बंद केला.

खोलीत शांतता पसरली. गेली दोन वर्षं याच शांततेला ती भीत आली होती. आता मात्र ती श्वास रोखून वाट बघत होती, की बाबांनी उठावं, सरावाला उशीर झाला म्हणावं, दाराकडे जावं. हवं तर चार चौक जावं. ती बरोबर जायला तयार होती.

बाबा उठले नाहीत. बोटं गुडघ्यांवर चालूच होती.

"बाबा, संपलं," ती म्हणाली. "उठा ना बाबा. झालं सगळं."

त्यांनी मान हलवली. नाही.

तिने खण उघडला, डिस्क काढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "हे बघा. बंद आहे. काही लागलेलं नाही." त्यांनी डिस्ककडे पाहिलं नाही. ते कान देऊन दुसरंच काही ऐकत होते, आणि बोटं त्याला अगदी तालात साथ करत होती. तिने काखेत हात घालून उचलायला पाहिलं, तर त्यांनी अंग असं जड केलं की ती स्वतःच गुडघ्यांवर आली.

"खाली बस, चिमे," बाबा म्हणाले. आवाज कोरडा, चिरलेला, पण जुना. कित्येक महिन्यांनी त्यांनी तिला नावाने ओळखलं होतं. "गाणं चालू आहे."

"बाबा, मी चुकले," ती रडत म्हणाली. "मी खूप चुकले. पाणी तरी प्या."

तिने ग्लास उचलून त्यांच्या तोंडाला लावला. बाबांचे ओठ, तोंडात क्लॅरिनेट धरावं तसे, घट्ट मिटलेले होते. पाणी हनुवटीवरून ओघळून सदऱ्यावर सांडलं.