काळे पडलेले बर्फ

बियान मास्तरांनी लेकीच्या रुखवतासाठी भिंतीवर टांगायचे ऋतूंचे चारही पट एकाच महिन्यात, एकाच गठ्ठ्यातल्या कागदावर, एकाच शाईने रंगवलेले होते. वसंत, ग्रीष्म आणि शरद जसेच्या तसे राहिले. हिवाळ्याच्या पटात शिखरावरचे बर्फ मात्र काळे पडले.

चीनमधल्या सूचौ शहरातल्या लू कुटुंबात, म्हणजे लेकीच्या सासरी, ऋतू पालटला की दिवाणखान्यातला पटही पालटला जाई. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी हिवाळा उलगडला गेला आणि लूबाईंनी तडक व्याह्यांना, बियान मास्तरांना, बोलावणे धाडले.

“बघा मास्तर, तुमच्या लेकीनं रुखवतात काय आणलं ते! यंदा माझा थोरला, हिचा दीर, गेला, आता हा काळ्या बर्फाचा अपशकुन. घेऊन जा तिला.”

“अगं, त्यांना चहा तरी घेऊ दे,” लूसाहेब म्हणाले.

“घेऊ देत की. चहा घ्या आणि लेकही न्या.”

शेगडीपाशी उभी असलेली युनहे हळूच म्हणाली, “माझंच चुकलं, सासूबाई. गेल्या हिवाळ्यात मीच हा पट शेगडीच्या धुराजवळ टांगला होता.”

“मग बाकीचा कागद पांढरा कसा राहिला?” लूसाहेबांनी विचारले.

बियान मास्तरांनी उभा जन्म चित्रकलेच्या शाळेत एकच गोष्ट घोकून घेतली होती: बर्फ रंगवायचे नसते, कागद कोरा सोडायचा, पांढरा रंग फासतात ते बाजारात विकायचे पंखे रंगवणारे. त्यापायी त्यांनी मुलांच्या बोटांवर पट्ट्याही मारल्या होत्या. विचार करायला त्यांनी एक रात्र मागून घेतली.

दारापर्यंत पोचवायला आलेली युनहे पुटपुटली, “बाबा, आईच्या पुडीच्या डबीचं मी कुणाला बोलणार नाही. तुम्ही पट रंगवत होतात तेव्हाच पाहिली होती तुमच्या मेजावर.”

त्यांना तिच्याकडे पाहवले नाही.

दिवंगत पत्नीची डबी घरी शेगडीवरच्या फळीवर होती. झाकणाला चीर गेली होती. चिरेखालची पूड काळी झाली होती. बोटाने खरवडल्यावर खाली पांढरीच निघाली.

सकाळी ते कुंचला, शाई आणि स्वतःचा शिक्का घेऊन लूंकडे गेले. हिवाळ्याच्या पटातले आकाश कोरे होते. त्यांनी तिथे लिहायला सुरुवात केली.

पहिली ओळ वाचून लूसाहेब गडबडले. “व्याहीबुवा, थांबा! तोंडी सांगा, घरातल्या घरात राहील. इथं चार शिकलेली माणसं येतात.”

“येतात म्हणूनच,” मास्तर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते, पण अक्षर हलले नाही.

“शिखरावर शाईचा थेंब पडला. पट पुन्हा रंगवण्याचा धीर मला झाला नाही. पत्नीची तोंडाला लावायची पूड मी त्यावर फासली. या पुडीत शिसे असते. कोळशाच्या धुराने ते काळे पडते. माझ्या मुलीचा यात काही दोष नाही.”

खाली त्यांनी शिक्का उमटवला.