आजच सांग

नणंद वहिनी म्हणते म्हणून सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणे. ज्याच्यामुळे ती वहिनी झाली, तो मात्र दूरच्या शहरात. सकाळीच त्याचा फोन आला होता. "बस झालं आता. दुकान सोड आणि इकडे ये. आजच सांग, मला घर बघायचंय." फोन ठेवायच्या आधीच वहिनीचा जीव गाडीत जाऊन बसला.

हातात गिऱ्हाइकाचा मोठ्या घेराचा झगा होता. तिरक्या कापडाचा घेर रात्रभर टांगून ठेवायचा, कापड आपल्या वजनाने उतरू द्यायचं आणि मगच खालची पट्टी दुमडायची, हे तिनेच नणंदेला शिकवलेलं. आज वहिनीबाई तडक पट्टी मारून मोकळ्या झाल्या.

"हा टांगला कधी होता?" नणंदेने विचारलं. "उद्या एका बाजूने लोंबेल आणि ती बाई आपल्या दोघींना लोंबवेल! दादाचा फोन ना? उसवायचं मी बघते. आज तू सुईला हात लावायचा नाहीस."

"मग करू काय?"

"काही नाही. नुसती बस."

ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. रिकामं बसायची सवय नव्हती, हात सारखे काहीतरी शोधत होते. त्याची आठवण तर अंगभर होती. त्याचं पालथं झोपणं, ओल्या केसांनी उशी भिजवणं, भांडता भांडता हसू फुटणं. हे सगळं तिला हवं होतं, आत्ता हवं होतं. पण चहा निवला, ऊन भिंतीवरून उतरलं, तसं दुसरंही आठवलं. मागेही त्याने असंच बोलावलं होतं आणि ती मशीन विकून धावली होती. तिथे चार ओळखी होतात न होतात, तोच याला तिसऱ्या गावची नोकरी खुणावू लागली आणि ती रिकाम्या हातांनी इथे परतली. 'विचार करून सांगते' म्हणायला तेव्हा तिची जीभच रेटली नव्हती.

संध्याकाळी तिने फोन लावला.

"केव्हा निघतेस?"

"मला तू हवा आहेस. रोज हवा आहेस. पण मी येणार नाही. तू इकडे ये."

पलीकडे शांतता. एरवी अशा शांततेला घाबरून तीच 'बरं, येते' म्हणून टाकायची. आज थांबली.

"आणि मला नाही जमलं तर?"

"तर तुझी आठवण येत राहील. त्याची सवय आहे मला."

म्हणाली खरी, पण फोन ठेवला आणि नणंदेच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली.