बोटांवरचा भरवसा

शत्रुघ्न परबानं विमानाच्या पंखाखालच्या झडपेतून बाटलीत थोडं पेट्रोल काढलं, त्यात बोट बुडवलं आणि फुंकर मारली. पेट्रोल झटकन उडून जातं, पाणी बोटावर राहतं. कुवेतमधल्या त्या फ्लाइंग क्लबात एकोणीस वर्षं तो हे काम करत होता, आणि खरं तर ते डोळ्यांचं काम. गारठ्याच्या रात्री अर्धवट भरलेल्या टाकीत दव धरतं, त्याचं पाणी बाटलीच्या तळाशी मण्यासारखं दिसतं. पण दोन हिवाळे झाले, तो मणी त्याला दिसेनासा झाला होता. मोतीबिंदूचं कळलं तर घरी पाठवतील, म्हणून त्यानं बोटांना कामाला जुंपलं होतं. आज बोटंच थंडीनं लाकूड झाली होती. काही कळलं नाही. तरीही त्यानं कागदावर सही ठोकली.

"काका, चेक केलंत ना?" क्षितिजानं विचारलं. नाशिकच्या इंजिनिअरची ही पोर, जन्म इथलाच. आज पहिल्यांदा एकटी उडणार होती. आईनं दिलेला संक्रांतीचा लाडू तिनं त्याच्या हातावर ठेवला. "देन आय ॲम नॉट स्केअर्ड."

"होय गो, बघितलंय," तो म्हणाला.

धावपट्टीच्या तोंडाशीच इंजिन खोकलं आणि बंद पडलं. नशीब, जमिनीवरच. तिला उडायला शिकवणाऱ्या कॅप्टन मुनव्वरनं स्वतः झडप उघडून पाहिलं, तर बाटलीत दोन बोटं पाणी.

"सर्फराज! ढक्कन खुला छोड़ा था क्या?"

पेट्रोल भरणारा सर्फराज मान खाली घालून उभा राहिला. बिचाऱ्यानं झाकण दोनदा घट्ट केलं होतं, शत्रुघ्नच्या समोर. तोंड मिटून राहिलं तर निभावणार होतं, आणि क्षणभर शत्रुघ्न राहिलाही. त्या क्षणाची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"साब, उसकी गलती नहीं. मेरेकोच बराबर दिखता नहीं."

"कब से?"

"दो सर्दी हो गयी."

मुनव्वर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बाटली क्षितिजाच्या हातात दिली.

टाक्या साफ करून पुन्हा भरेस्तोवर ऊन वर आलं. क्षितिजा पंखाखाली वाकली. एकेका झडपेखाली बाटली धरून, उजेडाकडे उचलून तिनं नीट निरखून पाहिलं. शत्रुघ्न दोन पावलांवर उभा होता. बोटं आता उबेला आली होती, खिशातला लाडू त्यांना लागत होता.

"काका, चेक केलंत ना?" असं या वेळी तिनं विचारलं नाही.