साल्वादोरचा ताठ गंधार

चर्चमध्ये कीबोर्ड आला आणि साल्वादोरचं व्हायोलिन खाटेखाली गेलं. पन्नास वर्षं वाजवलेलं वाद्य. त्यामुळे देवबागेत राहायला आलेल्या भक्तीने, "रविवारी माझ्या गाण्याला साथ कराल का, अंकल?" असं विचारलं, तेव्हा सत्तरीचा हा माणूस नवऱ्या मुलासारखा फुलला.

भक्ती चेन्नईला कर्नाटक संगीत शिकलेली. तिने पहिल्याच दिवशी त्याला खुर्चीवरून जमिनीवर आणलं. मांडी घालायची, व्हायोलिन छातीला टेकवायचं, वाद्याचं टोक उजव्या घोट्यावर. तारासुद्धा नव्याने सा-प, सा-प अशा लावल्या. साल्वादोर सगळं शिकला, पण त्याचा गंधार काठीसारखा ताठच राहिला.

"स्वर डोलला पाहिजे, अंकल. उद्या शेवटचं बघू. नाहीतर मोबाईलवरचं व्हायोलिन लावून गाईन."

मी भजनातला मृदंगवाला, ठेका धरायला बसलो होतो. म्हटलं, "होडयेत बसल्यासारखो वाजव रे."

"होडयेत माका उलटी येता."

बोट तारेवरून घसरायला खोबरेल लावा, असं भक्तीने जाताना सांगितलं. साल्वादोरच्या बायकोने, लुईझाने, वाटी पुढे केली. "नव्या तेलाची नासाडी नको. काल बांगडे तळलंय, त्यातलां उरललां आसा, तां घे. लग्नात माझ्यावांगडा नाचलो नाय, आता सूर नाचवतलो!"

दुसऱ्या दिवशी भक्ती डोळे मिटून गात होती. साल्वादोरच्या बोटांवरचं तेल ओघळून घोट्यावर आलं. लुईझाचं मांजर वास काढत आलं आणि त्याचा पाय चाटू लागलं. वाजवणं थांबवता येईना. पाय थरथरला, व्हायोलिन हललं आणि गंधार मस्त डोलला.

"हाच!" भक्ती डोळे न उघडताच ओरडली. "रविवारी अगदी असाच हवा!"

मी ओठ चावला. साल्वादोर गप्प राहिला असता तर काम झालं होतं. त्याने व्हायोलिनचा गज खाली ठेवला.

"बाय, तां मी नाय वाजवलंय. ह्या मांजरान वाजवल्यान."

भक्तीने डोळे उघडले. मांजर आता अंगठ्यापर्यंत पोचलं होतं. ती हसून हसून भिंतीला टेकली. मग डोळे पुसत म्हणाली, "मांजर बाजूला करा. पुन्हा घ्या."

लुईझाने मांजर उचललं. साल्वादोरने गज लावला. या वेळी बोटच मागेपुढे झालं. अडखळत, घाबरत, पण स्वर डोलला.

"खंयपर्यंत हालाचां, तां आता समाजलां," तो पुटपुटला. "बरां झालां, बाय?"

"मांजराइतकं नाही. पण मांजराला ताल कुठे कळतो? रविवारी चारला पोचा, अंकल."

"आणि पाय धुवन जा," लुईझा म्हणाली.