उद्देश भिजला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनं कडं आहे. हातात घालायचं नव्हे, बुडणाऱ्याकडे टाकायचं. कारखान्यात माझ्या पोटात हलकं बूच भरलं, वर जाड कापड शिवलं आणि मला तळ्याकाठच्या जीवरक्षक संस्थेत आणलं. धक्क्यावरची खुंटी हे माझं घर. कितीजणांनी मला घट्ट मिठी मारली! काठावर येताच मात्र ते आईकडे धावत, माझ्याकडे वळूनही बघत नसत. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मग अध्यक्षांच्या मनात आलं, संस्थेचा उद्देश माझ्यावर लिहावा. उद्देश चांगला पानभर होता. तो छोटा करायला मंडळी बसायची आणि एक शब्द काढून दोन घालून उठायची. शेवटी रंगाऱ्याने 'जलसुरक्षेविषयी व्यापक जनजागृती'पासून सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत माझ्या अंगावर गोल गोल उतरवलं. वाचणाऱ्याची मान अवघडायची! अक्षरं खराब होऊ नयेत म्हणून अध्यक्षांनी मला कार्यालयाच्या भिंतीवर टांगायला लावलं. पाहुणे वाहवा करायचे. माझा जीव मात्र पाण्यासाठी झुरायचा.

एका सकाळी अध्यक्ष धक्क्यावर भाषण घोकत होते. शेवाळावर पाय घसरला आणि ते धपकन पाण्यात! जीवरक्षक संस्थेचे अध्यक्ष खरे, पण त्यांचं पोहणं आयुष्यभर कागदावरच. जीवरक्षक पलीकडच्या काठाला होते. कार्यालयात फक्त सचिव, म्हणजे अध्यक्षांचे मेहुणे. त्यांनी मला भिंतीवरून ओढलं, धावत धक्क्यावर आले आणि थबकले.

"भाऊजी, अक्षरं भिजतील! तुम्हीच तर सांगितलंय..."

"अरे गाढवा," गटांगळ्या खात अध्यक्ष ओरडले, "आधी माणूस बघ!"

पुढच्या क्षणी माझ्याखाली पाणी होतं. अध्यक्षांची मिठी आजवरच्या सगळ्या मिठ्यांहून घट्ट होती. कितीतरी दिवसांनी मला जिवंत असल्यासारखं वाटलं.

मेहुण्यांनी माझी दोरी ओढली. अध्यक्ष वर येऊन बघतात तर अर्धा उद्देश तळ्यात, उरलेला त्यांच्या सदऱ्यावर!

"सगळं परत लिहू का?" लगेच बोलावून आणलेल्या रंगाऱ्याने विचारलं.

"नको रे बाबा," अध्यक्ष नाक पुसत म्हणाले. "दोनच शब्द लिही. आधी माणूस."

"आणि गाढव?" मेहुण्यांनी हळूच विचारलं. अध्यक्ष पोट धरून हसले.

आता मी पुन्हा माझ्या खुंटीवर आहे. ते दोन शब्द धक्क्यावर खेळणाऱ्या पोरांनाही पाठ आहेत. मित्रांनो, एवढंच करा. मला कुलपात ठेवू नका, माझ्या दोरीचा गुंता होऊ देऊ नका. आणि माझ्यावरची अक्षरं पुसट दिसली, तर हळहळू नका. ती माणसांच्या मिठ्यांनी झिजली आहेत.