मीठ मारलेला बर्फ

तेरावं उरकलं, पाहुणे आपापल्या वाटेने गेले, आणि उषाच्या हातात एकच काम उरलं. चिंचणीला जाऊन महादूकाकाच्या पेटीतली लस आणायची.

तिचे वडील, डॉक्टर सावे, घरातले भाऊ, गुरांचे सरकारी डॉक्टर. दवाखान्यातला फ्रिज आदल्या उन्हाळ्यात बंद पडला तो पडलाच. पावसाळ्यात घटसर्प येतो. जनावराचा गळा सुजतो, ते घोरायला लागतं, आणि सकाळी चरायला सोडलेला बैल संध्याकाळी ओढून न्यावा लागतो. त्याआधी पाड्यांवरची गुरं टोचून व्हायला हवीत. म्हणून भाऊंनी लस महादू तांडेलाच्या मासळीच्या पेटीत ठेवली होती. बर्फ, त्यावर गोणपाट, एका कोपऱ्यात डॉक्टरच्या बाटल्या. रोज संध्याकाळी स्वतः जाऊन बघायचे. मग एक दिवस जेवायला बसले ते उठलेच नाहीत.

उषा रडली नव्हती. आत्या पदराआडून तिच्याकडे बघायच्या आणि एकमेकींच्या कानाला लागायच्या. उषा भांडी घासत राहिली. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती लशीसाठी हेच घटसर्पाचे जंतू वाढवायची. काचेच्या बशीत सकाळी ते दवाच्या थेंबांसारखे दिसायचे. भाऊ म्हणायचे, "तू त्यांना पोस, मी त्यांच्या मागे धावतो."

सोबत दवाखान्यातले कंपाउंडर नरहरी होते. महादूच्या अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. त्याच्या बायकोने, जमनाकाकूने, उषाला दारातच न्याहाळलं.

"काय गं, या वलांडीवरच्यांहून सुकलीस. जेवतेस का नाय?"

"जेवते, काकू."

"खोटा बोलतेस ते बापासारखा तरी बोल. त्याला कदी जमला नाय."

महादूने पेटीचं झाकण उचललं. गेल्या दोन आठवड्यांत तो म्हातारा झाल्यासारखा वाटत होता, पण पेटीपाशी आल्यावर ताठ झाला.

"डाक्टर गेला त्या दिसापासून एक दीस पेटी उनी ठेवली नाय. बोटीवर बरफ कमी नेला, पन हिच्यात भरला. मीठ मारून. पापलेटाला मारतो तसा. हात लाव, दगुड हाय दगुड."

उषाने हात घातला. भाऊंनी बाटल्यांच्या गळ्याला सुतळी बांधली होती, बर्फातून ओढून काढायला सोपं जावं म्हणून. सुतळीने एक बाटली वर आली. आतलं पांढरं हलत नव्हतं.

ती बाटली तळहातावर धरून ती ओट्यावर बसली. हळूहळू ते वितळलं, आणि वितळताना फाटलं. वर तेल, खाली गढूळ पाणी. चांगली लस तेलपाणी एकजीव होऊन घट्ट दुधासारखी असते. एकदा गोठली की पुन्हा कितीही हलवा, ती लस राहत नाही.

तिने दुसरी काढली. तिसरी. सगळ्या तशाच.

नरहरी तिच्या शेजारी वाकले. "ताई, जोरात हलवली तर रंग येतो. झिपरूच्या पाड्यावर सांगून ठेवलंय, उद्या लोक गुरं बांधून बसतील. साहेबांचं काम पुरं झालं असं होईल. कोणाला कळणार आहे?"

"गुरांना कळेल," उषा म्हणाली. "श्रावणात."

झिपरूचा एक बैल गेल्या श्रावणातच गेला होता. उरलेल्याच्या जोडीला त्याच्या बायकोने, भागीने, घरचा गोऱ्हा वाढवला होता आणि यंदा तो पहिल्यांदा जुंपायचा होता.

"नासली?" महादूने विचारलं.

माल जुना होता, असं म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "गोठली, काका. नुसता बर्फ चालला असता. मीठ टाकलं की तो फार गार होतो."

महादू पेटीच्या कडेवर टेकला.

"मी बोलली व्हती," जमनाकाकू म्हणाली. "ती काय मासली हाय?"

"डाक्टर कदी बोलला नाय मला, मीठ नको म्हनून."

"ते रोज स्वतः यायचे," उषा म्हणाली. "सांगायची वेळच आली नाही."

परसात खड्डा करून तिने बाटल्या रिकाम्या केल्या. सुतळी मात्र कापली नाही. एकेक गाठ नखाने सोडवली. त्याला वेळ लागला. नरहरी कात्री घेऊन उभे होते, शेवटी त्यांनी ती खिशात ठेवली.

बोईसरच्या पोस्टातून तिने पुण्याला फोन लावला. नवा माल एसटीने पालघरला आला, तोवर महादूने पेटी गोड्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवली होती. बाटल्या गोणपाटात गुंडाळून उषाने त्यांना तीच सुतळी बांधली आणि बिनमिठाच्या बर्फात ठेवल्या. पाड्यावर पेटी महादूने डोक्यावरून नेली. नरहरींनी हात पुढे केला तर म्हणाला, "तू सुई सांबाळ."

मोहाच्या झाडाखाली गुरं बांधलेली होती. महादूने पेटी उतरवली आणि उषाकडे बघितलं.

"बघ. गार हाय, पन गोठली नाय ना?"

तिने हात आत घातला. बराच वेळ ठेवला. गार होतं की नव्हतं, तिला समजेना.

"तुम्हीच बघा, काका. मला कळत नाही."

त्याने बाटली काढून गालाला लावली, मग उजेडात तिरकी केली. "हलते. दुधावानी."

तिने पिचकारी भरली. भागीच्या गोऱ्ह्याला झिपरूने नाकाशी धरलं.

"तुजा बापूस टोचायच्या आगुदर कानात कायतरी बोलं," तो म्हणाला.

"काय बोलायचे?"

"मना काय ठावं? बैलाला इचार."

भागी तोंडाला पदर लावून हसली. उषा वाकली. गोऱ्ह्याचा कान तिच्या ओठांशी हलला. तिच्याकडे बोलायला काही नव्हतं. ती तशीच वाकून राहिली, बर्फातला हात त्याच्या मानेवर ठेवून, आणि लोक थांबले. मग तिने कातडी चिमटीत धरली आणि सुई घातली.

"पुढचा आणा," ती म्हणाली.