जाहिरातवाल्याचं नाव

आमच्या फोरमवर कुणाला जाहिरात द्यायची असली की अर्ज माझ्याकडे येतो, आणि मी मुळातच तापट. माझं चष्म्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर बसून मी नकार टाइप करत असतो. फोरम आहे तोतऱ्या माणसांचा आणि मीही त्यातलाच. तोंडाने निघत नाही ती सगळी भडास तू बोटांनी काढतोस, असं ताई म्हणते. काढतो, मग! अर्ज तरी कसले कसले येतात. कुणी जिभेखाली ठेवायची गोळी विकतो, कुणी गळ्यात अडकवायचं यंत्र. वर लाडीगोडी, "आपल्या परिवाराचा एक भाग व्हायला आवडेल." अरे, कोण तू, कुठला तू!

म्हणून आम्ही पद्धतच पाडली. ज्याला जाहिरात करायची असेल त्याने रविवारी सकाळी आमच्या व्हिडिओ बैठकीत यायचं आणि काय ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. बहुतेक जण तिथेच गळतात. बैठकीचा नियम मात्र सगळ्यांना एकच. कुणी अडलं तर थांबायचं, कितीही वेळ लागू दे, त्याचा शब्द दुसऱ्याने पुरवायचा नाही.

त्या नियमामुळेच माझी भाची बोलती झाली. चिंगी, ताईची मुलगी, अकरावीत आहे. शाळेत मुलं तिची वाक्यं पुरी करून फिदीफिदी हसायची, तर पोरीने तोंड उघडणंच सोडलं होतं. बैठकीत आधी महिनोन्‌महिने नुसती ऐकत बसली, मग एकदा आपणहून बोलली. आता घरात कडाकडा भांडते. पहिल्यांदा भांडली तेव्हा ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली होती. हे मिळालेलं पुन्हा जाऊ नये, एवढीच मला धास्ती असते.

तर या वेळचा अर्ज होता एका कोर्सवाल्यांचा. 'तोतरेपणा कायमचा बंद.' त्या बदल्यात फोरमचा वर्षाचा खर्च ते उचलणार होते. मी नकार लिहायला घेतला तेवढ्यात ताईने फोन हातातून काढून घेतला.

"येऊ दे की त्याला. ऐकायला काय जातंय?"

"ताई, हे लोक चिंगीला सांगणार की ती बि-बिघडलेली आहे."

"आणि खरंच बरी झाली तर? तू मामा आहेस की वैरी?"

मी फोन परत घेतला आणि कोर्सवाल्यांना रविवारची वेळ कळवून टाकली. आईच्या जिवाला काय समजावणार?

रविवारी तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. "मीही तुमच्यासारखाच होतो," म्हणाला आणि सुरूच झाला, कुठे धाप नाही की अडखळणं नाही. माझा नुसता जळफळाट झाला. शेजारी चिंगी डोळे मोठे करून ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिने माइक सुरू केला.

"तु-तुमचं नाव काय?"

तो अडला. आमच्यातल्या कुणालाही लगेच कळलं. पाठ केलेलं आम्ही घडाघडा म्हणू शकतो, पण स्वतःच्या नावाला दुसरा सोपा शब्द नसतो. त्याची मान ताठ झाली, डोळे मिटले, ओठ नुसतेच हलत राहिले. सगळे थांबले होते. चिंगीही थांबली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला बघवेना.

माझं डोकं सटकलं. म्हणे बरा झालोय! नाव अर्जावर होतंच. मी ते खाडकन म्हणून टाकलं, एकदाही न अडखळता.

"हेच ना? नि-निघा आता!"

त्याने मान हलवली आणि तो पडद्यावरून गेला. "बरं झालं बाई, खोटारडा निघाला," ताई मागून म्हणाली. मलाही क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. मग शेजारी पाहिलं तर चिंगीची खुर्ची रिकामी होती.

दुपारी तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. "चिंगे, चु-चुकलं माझं. तो लोकांना फसवत होता गं, म्हणून..."

ती वळली. "मा-" म्हणाली आणि अडली.

मी थांबलो. जन्मात कधी थांबलो नसेन तसा थांबलो. श्वाससुद्धा रोखून धरला.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले, फोन उचलला आणि काहीतरी लिहून माझ्यासमोर धरला.

"जेवायला चल."